कानातला बोळा की कानातला कर्णा?

"ते कानातलं काढ आधी!" हे वाक्य ऐकलं नाही असा दहावी-बारावीतला एकही मुलगा किंवा मुलगी आज शोधून सापडायची नाही. आई म्हणते, आजोबा म्हणतात, एसटीतला कंडक्टर म्हणतो आणि वर्गात आम्ही शिक्षकही म्हणतो. तुम्ही काढता, आमची पाठ फिरली की पुन्हा घालता. आम्हालाही ते ठाऊक असतं.

मीसुद्धा हे वाक्य शेकडो वेळा उच्चारलं आहे. पण आता मला वाटतं की आपण मुलांना अर्धंच सांगतो. "काढ" एवढं सांगतो. "घालायचंच असेल तर कसं घालायचं, कुठे घालायचं, आवाज किती ठेवायचा" हे कुणी सांगत नाही. घरी नाही, शाळेत नाही, कामाच्या ठिकाणी तर नाहीच नाही.

असं वाटायला एक प्रसंग कारण झाला. गावच्या यात्रेत माझा एक जुना विद्यार्थी भेटला. वय असेल चोवीस-पंचवीस. इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहे. मी बोलत होतो आणि तो दर वाक्याला "काय सर?" म्हणत होता. यात्रेचा गोंगाट असेल म्हणून आम्ही देवळामागे जाऊन बसलो. तिथेही तो मान वळवून उजवा कान पुढे करायचा. शेवटी मी विचारलंच, "अरे, कानाला काही झालंय का?" तो हसला आणि म्हणाला, "नाही सर. मागाच्या आवाजानं डोकं उठतं, म्हणून दिवसभर कानात गाणी लावतो. फुल आवाजात. मग माग ऐकूच येत नाही."

त्याला मनापासून वाटत होतं की तो आपला कान वाचवतोय. आणि होत होतं नेमकं उलटं. या लेखात मला जे सांगायचं आहे ते त्याच्या या एका वाक्यात आहे.

एकाच वस्तूची दोन कामं

रबराची टोपी असलेला, कानाच्या आत बसणारा इअरफोन घ्या आणि जरा नीट पाहा. त्यात दोन वस्तू एकत्र आहेत. बाहेरची रबरी किंवा स्पंजची टोपी कानाचं भोक बंद करते. म्हणजे ती बोळा आहे, आपली आजी थंडीत कानात कापसाचा बोळा घालायची तसाच. आतमध्ये एक छोटासा स्पीकर आहे, तो आवाज करतो. म्हणजे तो कर्णा आहे, गणपतीच्या मांडवावर असतो तसाच, फक्त हरभऱ्याएवढा.

बोळा आवाज कमी करतो, कर्णा आवाज वाढवतो. तुम्ही यातलं कोणतं काम करून घेता यावर सगळं अवलंबून आहे. माझं मत थोडक्यात असं: गोंगाटाच्या ठिकाणी इअरफोन हा आधी बोळा म्हणून वापरावा आणि गरज असेल तरच, हळू आवाजात, कर्णा म्हणून. आपण बहुतेक जण बोळ्याकडे लक्ष देत नाही आणि कर्णा मात्र शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतो. गोंगाटावर उतारा म्हणून दुसरा गोंगाट कानात ओततो. खरं नुकसान इथे होतं.

कानाच्या आत काय घडतं

कानाचं भोक ते पडदा हे अंतर मोठ्या माणसातही सुमारे अडीच सेंटिमीटरच असतं. पडद्यापलीकडे तीन चिमुकली हाडं आणि त्यांच्याही आत शंखासारखी वळलेली नळी. या शंखात केसासारखे तंतू असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. आवाजाची लाट आली की हे तंतू वाकतात आणि त्यातून मेंदूकडे निरोप जातो.

शेतातल्या गवतावरून एकदा चालून गेलं तर गवत वाकतं आणि सकाळपर्यंत पुन्हा उभं राहतं. पण रोज त्याच जागेवरून येणंजाणं सुरू झालं की तिथे पायवाट पडते आणि मग गवत उगवत नाही. कानातल्या तंतूंचं असंच आहे. लग्नाच्या वरातीत डीजेजवळ तासभर नाचून आलात की कानात "सुंईं" असा आवाज घुमतो, सगळं दबल्यासारखं ऐकू येतं. सकाळी बरं वाटतं. आपण म्हणतो, चला, काही झालं नाही. पण ते वाकलेलं गवत होतं. रोज तेच केलं तर पायवाट पडणार.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कोंबडीच्या कानातल्या या पेशी मेल्या तर पुन्हा तयार होतात. माणसाच्या होत नाहीत. गेली ती गेली. यावर गोळी नाही, थेंब नाहीत. श्रवणयंत्र मिळतं, पण ते उरलेल्या पेशींवरच काम करतं.

आवाजामुळे जाणारं ऐकणं बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांपासून जायला लागतं. मराठीच्या शिक्षकाला यातली गंमत, खरं तर दुःख, लगेच कळतं. आपल्या भाषेतले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे खालच्या पट्टीत असतात. ते ऐकू येत राहतात. पण स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा आवाज वरच्या पट्टीत असतो. म्हणून अशा माणसाला आपण बोलतोय हे ऐकू येतं, पण साप की शाप, ताप की थाप, हे कळत नाही. तो म्हणतो, "ऐकू येतंय हो, पण नीट बोला ना!" आणि बोलणाऱ्याला वाटतं, याचं लक्षच नाही. वर्गात मागच्या बाकावरून असं वारंवार कुणी म्हणालं तर आता मी रागावत नाही. आधी कानाची चौकशी करतो.

जरा गणित करू

आवाज डेसिबलमध्ये मोजतात हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. पण डेसिबलचं गणित साध्या बेरजेचं नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. १० डेसिबलने वाढला की दहापट.

जागतिक आरोग्य संघटनेने इअरफोनवर ऐकण्यासाठी एक मर्यादा सांगितली आहे: ८० डेसिबल आवाज असेल तर आठवड्याला ४० तास. लहान मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. आता त्रैराशिक मांडा. ऊर्जा दुप्पट झाली की वेळ निम्मा करायचा. ८३ डेसिबलला २० तास. ८६ ला १० तास. ८९ ला ५ तास. ९२ ला अडीच तास. आणि १०० डेसिबलला? अख्ख्या आठवड्यात मिळून फक्त २० मिनिटं.

पुष्कळ फोन आणि इअरफोन पूर्ण आवाजात १०० डेसिबलपर्यंत किंवा त्याच्याही पुढे जातात. म्हणजे सोमवारी सकाळी कॉलेजला जाताना फुल आवाजात चार-पाच गाणी ऐकलीत, की रविवारपर्यंतचा कोटा संपला. रेशनचं धान्य पहिल्याच दिवशी संपवावं तसं.

आता त्या माझ्या विद्यार्थ्याचं गणित करू. धोटा इकडून तिकडे आपटत असलेल्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे असतो. या आवाजावर मात करून गाणं ऐकू यायचं असेल तर ते कानात त्याच्या बरोबरीने किंवा त्याहून मोठं वाजायला हवं. आठवड्याच्या २० मिनिटांच्या जागी तो रोज आठ-दहा तास, आठवड्याचे सहा दिवस, अशी वर्षं काढत होता. "माग ऐकूच येत नाही," असं तो म्हणाला ते खरंच होतं. पण माग बंद झाला नव्हता, तो फक्त गाण्याखाली झाकला गेला होता. त्याचा जो काही आवाज कानात शिरत होता तो शिरतच होता आणि वर गाण्याची भर पडत होती.

आवाजाची पट्टी आपोआप का वर जाते?

तुम्ही म्हणाल, "सर, आम्ही कुठे एवढा मोठा आवाज ठेवतो?" मुद्दाम ठेवत नाही, हे मान्य. पण गोंगाट तुमच्याकडून तो वाढवून घेतो.

एटीएन लोंबार नावाचे एक फ्रेंच कानाचे डॉक्टर होते. त्यांनी १९११ मध्ये एक निरीक्षण मांडलं: आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो आणि त्याला ते कळतही नाही. बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर आपण ओरडूनच बोलतो, ते यामुळे. फोनच्या बटणावरचं बोटही तेच करतं. गाडीने वेग घेतला की पट्टी दोन घरं वर, बोगदा आला की आणखी दोन घरं. गोंगाट संपतो, पण पट्टी खाली आणायची कुणाला आठवण राहत नाही.

यासाठी एक प्रयोग सांगतो. एसटीत किंवा लोकलमध्ये नेहमीसारखी गाणी ऐका. उतरायच्या आधी गाणं थांबवा, पण आवाजाच्या पट्टीला हात लावू नका. घरी आल्यावर शांत खोलीत तेच गाणं क्षणभर सुरू करा. इअरफोन कानापासून थोडा लांब धरा, कारण तुम्ही दचकाल. "हे मी एवढ्या जोरात ऐकत होतो?" हा प्रश्न तुम्हालाच पडेल. मग खोलीत पुरेसा वाटेल इतका आवाज करा आणि तो आकडा वहीत लिहून ठेवा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे गोंगाटाने तुमच्या कानाकडून वसूल केलेला कर.

मग बोळा नीट बसवा

हा कर वाचवायचा मार्ग सोपा आहे. कानात येणारा बाहेरचा आवाजच कमी करायचा, म्हणजे गाण्याला किंवा लेक्चरला ओरडावं लागत नाही.

बटणासारखे कडक प्लास्टिकचे इअरफोन कानाच्या तोंडाशी नुसते अडकतात. आजूबाजूने सगळा गोंगाट आत येतो. त्यामुळे शांत खोलीत ते चांगले, बसमध्ये वाईट. रबरी टोपीचे इअरफोन नीट बसले तर बाहेरचा आवाज १५ ते २० डेसिबलने कमी होऊ शकतो. वरचं त्रैराशिक आठवा, म्हणजे १५ डेसिबलची किंमत कळेल.

पण "नीट बसले तर" हे महत्त्वाचं. खोक्यात सहसा लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्या येतात. बहुतेक जण बसवून आलेली टोपी तशीच वापरतात आणि बाकीच्या हरवून टाकतात. दोन्ही कानांचा आकार सारखाच असतो असंही नाही. तिन्ही घालून पाहा. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, मग टोपी हलकेच फिरवत आत सरकवा. नीट बसली की स्वतःचं बोलणं घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं घुमतं आणि तबल्याचा डग्गा, ढोलकीची घुमकी भरदार ऐकू येते. ढोलकी पोकळ वाटली तर टोपी ढिली आहे. ती बदला, आवाज वाढवू नका.

नॉइज कॅन्सलेशन म्हणजे जादू नव्हे

आता तर दुकानदारही "नॉइज कॅन्सलेशनवाले घ्या" म्हणतो. हे काय असतं ते समजून घ्या आणि मगच पैसे द्या.

इअरफोनच्या बाहेर एक बारीक मायक्रोफोन असतो. तो बाहेरचा आवाज टिपतो. आतलं यंत्र त्याची नेमकी उलटी लाट तयार करतं. चढाच्या जागी उतार आणि उताराच्या जागी चढ आला की दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. कल्पना जुनी आहे; पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला त्याचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्येच मिळालं होतं. पण ती कानापर्यंत आणण्यात मोठा वाटा अमर बोस यांचा. वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले, मुलगा एमआयटीत प्राध्यापक. १९७८ मध्ये झुरिचहून बोस्टनला जाताना विमानात मिळालेल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या आवाजापुढे संगीत ऐकूच येईना, तेव्हा त्यांनी विमानातच यावर आकडेमोड सुरू केली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला १९८९ मध्ये. अकरा वर्षं लागली.

ही युक्ती विमानासाठी सुचली, यातच तिची मर्यादाही आहे. एकसारखी घरघर, म्हणजे इंजिन, पंखा, एसी, बसची गुरगुर, ती छान कमी करते. पण माणसांचं बोलणं, कुकरची शिट्टी, हातोडा, धोट्याचा खटका असे उंच किंवा अचानक येणारे आवाज तिला फारसे पकडता येत नाहीत. तिथे रबरी टोपीचा साधा बोळाच कामाला येतो. त्यामुळे हजारो रुपयांचे इअरबड घेऊन टोपी ढिली ठेवली, तर निम्मे पैसे पाण्यात. आणि स्वस्तातले, साध्या वायरचे, पण नीट बसणारे घेतले, तर त्यात कमीपणा मुळीच नाही.

कारखान्यात मात्र गाणं नको

इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर, लोखंडाच्या वर्कशॉपमध्ये, दगडाच्या खाणीवर काम करणाऱ्या कितीतरी तरुणांच्या कानात आज इअरफोन दिसतात. त्यांना हसू नका. बारा तास एकाच खटखटाटात काढून पाहा, मग बोला. कष्टाला गाण्याची सोबत ही आपली जुनी रीत आहे. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपणच म्हणतो. पण जात्याची घरघर एवढी नव्हती की ओवीला किंचाळावं लागेल. मागावर लागतं.

गाणी ऐकायचे इअरफोन हे कानाचं संरक्षक साधन नाही. त्यासाठी फोमचे इअर प्लग मिळतात. ते बोटांनी चुरगाळून, बारीक करून, कानात घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. एक जोडी चहा-नाश्त्याच्या पैशांत येते. नीट घातली तर २० डेसिबलच्या आसपास आवाज खाली येतो आणि त्यात कर्णा नसल्यामुळे वरून भर पडत नाही. शिवाय मागाचा ताल बिघडला, पट्टा घासू लागला, कुणी हाक मारली, तर ते कळतं. मुरलेला जॉबर नुसत्या आवाजावरून माग कुठे दुखतोय ते सांगतो. पूर्ण आवाजात गाणं लावलं तर हे सगळं गेलं आणि अपघाताला दार उघडं झालं.

ही जबाबदारी एकट्या कामगाराची नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा नोंदवण्याजोगा व्यवसायजन्य आजार म्हणून दिलेला होता. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरली जाते. अमेरिकेतली नायॉश ही संस्था तर ८५ चीच शिफारस करते. मालक लोकहो, हेल्मेट देता, हातमोजे देता, मग चार पैशांचे इअर प्लग देताना हात आखडता का घेता? कान गेल्याचं रक्त दिसत नाही, म्हणून?

एका खोलीच्या घरात

इतकं वाचून कुणी आई-बाबा म्हणतील, "बघ, सरही नको म्हणतात!" थांबा. मी तसं म्हणत नाही.

आपल्यापैकी कितीजणांच्या घरात अभ्यासाची वेगळी खोली आहे? एका खोलीत आजीची मालिका, लहान भावाचा गेम, मिक्सर, शेजारची भांडी आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात बारावीचं पुस्तक. अशा मुलीने कानात इअरफोन घातले तर ती घरापासून तुटलेली नसते. ज्या घरात दार लावून बसायची सोय नाही, तिथे तिने कानापुरतं एक दार लावून घेतलेलं असतं. तेवढा हक्क तिला द्या. सरकारी नियमानुसार रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. लग्नसराईत आणि सणावारी ती किती पाळली जाते हे आपण सगळे जाणतो. मोठ्यांनी केलेल्या गोंगाटात मुलांनी कान झाकले तर दोष कुणाचा?

फक्त त्या मुलीला माझं सांगणं असं की बोळा घाल, गाणं लावायलाच हवं असं नाही. आमच्या शाळेशेजारी रस्त्याचं काम निघालं होतं तेव्हा पेपर तपासताना मी कानात इअरफोन घालून बसायचो. वायर खिशात, दुसरं टोक कशालाच जोडलेलं नाही. शिपाईकाका एकदा म्हणाले, "सर, आज कुठली गाणी?" मी म्हटलं, "कुठलीच नाहीत. हीच तर मजा आहे." निबंध वाचताना शब्दांचं गाणं कानात सुरू असलं की डोक्यात एका वेळी दोन मराठी भांडतात, हा माझा अनुभव आहे. तुम्ही स्वतः करून पाहा. पाठांतर गाण्यासह आणि गाण्याविना, दोन दिवस.

आणि दार लावलं तर ते उघडायचीही रीत हवी. कुणी समोर येऊन बोलू लागलं की दोन्ही कानांतले काढावेत, एकातला नव्हे. एकच काढून मान डोलावणं म्हणजे उंबऱ्यावर उभं करून पाहुण्याशी बोलणं. घरच्यांनीही लांबून दहा हाका मारण्यापेक्षा जवळ येऊन खांद्याला हात लावावा. "हाका मारून घसा बसला, तरी याचं लक्ष नाही" हे रोजचं भांडण निम्म्याने कमी होईल.

कुठे अजिबात नको

रस्ता ओलांडताना, सायकल किंवा दुचाकी चालवताना आणि रेल्वे रुळांजवळ, इथे बोळाही नको आणि कर्णाही नको. रुळावरची गाडी लांबून दिसते तेवढी हळू नसते आणि तुमचा कान हाच तिथे तुमचा मागचा डोळा असतो. शेतात एकटे असताना, गॅसवर काही ठेवलेलं असताना, घरात तान्हं बाळ तुमच्या भरवशावर असताना, तेव्हाही नको. झोपताना कानात घालून झोपू नका. रात्रभर वाजणारं गाणंही त्या चाळीस तासांत धरलं जातं.

कानाची निगाही राखा. टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. एकमेकांचे इअरफोन वापरू नका, मैत्री कितीही घट्ट असली तरी. पावसाळ्यात भिजून आल्यावर ओल्या कानात बोळा घातला की बुरशीला आयतं घर मिळतं. कान दुखत असेल, वाहत असेल तर इअरफोन बंद. घरगुती तेल ओतू नका, काडी घालू नका, डॉक्टरांना दाखवा.

कानात सतत घूं किंवा शिट्टी वाजत असेल, टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटत असेल, गर्दीत शब्द कळेनासे झाले असतील, तर श्रवण चाचणी करून घ्या. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात ती होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामाला वाहिलेली आहे. चाचणी दुखत नाही. कानात बारीक आवाज येतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं, इतकंच.

शेवटी

तो माझा विद्यार्थी यात्रेनंतर महिनाभराने सरकारी रुग्णालयात गेला. मी फोनवरून त्याच्या मागे लागलो होतो म्हणून. दोन्ही कानांची वरची पट्टी गेली आहे, डावीकडची जास्त. डॉक्टर म्हणाले, गेलेलं येणार नाही, उरलेलं सांभाळ. आता तो मागावर फोमचे प्लग घालतो आणि गाणी सुट्टीत ऐकतो, हळू आवाजात. "आधी चार दिवस फार कंटाळा आला सर," असं त्याने मला सांगितलं. मला ते खरं वाटलं. पण त्याच्या पहिलीतल्या मुलीचं बोबडं बोलणं त्याला नीट समजत नाही, हेही त्याने सांगितलं. ती "शाळा" म्हणते की "साळा", हे तो तिच्या ओठांकडे बघून ओळखतो.

दहावीपर्यंत आम्ही त्याला लघुगणक शिकवलं नाही हे ठीक, पण त्रैराशिक शिकवलं होतं. ध्वनी हा धडाही शिकवला होता. त्या दोन्हींची त्याच्या कानाशी गाठ मात्र कुणी घालून दिली नाही. माझ्यासकट. म्हणून शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे: ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन असतो. त्या दिवशी भाषणं नकोत. वर्गात एक इअरफोन आणा, टोपी काढून दाखवा, फळ्यावर ८०, ८३, ८६ मांडा आणि मुलांकडून वेळ काढून घ्या. एका तासिकेचं काम आहे.

आणि मित्रांनो, तुम्हाला "काढ आधी" असं मी यापुढे नुसतं म्हणणार नाही. मी विचारीन, "टोपी नीट बसली आहे का? आकडा किती आहे?" वहीत लिहिलेला तो शांत खोलीतला आकडा तुम्हाला सांगता आला, तर खुशाल घाला.